पेशींचे निरोप

मराठीच्या प्राध्यापकाने कर्करोगावर लिहायला बसणे म्हणजे कीर्तनकाराने मोटार दुरुस्त करायला घेणे होय, असे माझे एक सहकारी मला म्हणाले. ते रसायनशास्त्र शिकवतात आणि दर दिवाळीला स्वतःच्या चार-दोन कविता मला ऐकवतात. तेव्हा त्यांचे म्हणणे मी फारसे मनावर घेतले नाही. शिवाय हा विषय काही मी हौसेने निवडलेला नाही. तो अक्काच्या घरातून माझ्या घरी चालत आला, आणि आला तो उठायचे नाव घेईना.

अक्का माझी थोरली बहीण. जालन्याच्या नव्या मोंढ्यात दाजींची, म्हणजे तिच्या यजमानांची, अडतीची पेढी आहे. हरभऱ्याची मूठ हातात घेऊन तिच्यातला ओलावा सांगणारा हा माणूस. डबीतून चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, नखाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि डाव्या गालात सोडून द्यायची. सोबतीला सुपारीचे एखादे खांड. चाळीस वर्षे हा नित्यनेम चालला होता. दिवसातून किती वेळा, ते त्यांनाही सांगता आले नसते. सौदा ठरला की एक बार, मोडला की एक.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्याच डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा दिसू लागला. तिखट सोसेना. भाद्रपदात त्याचा व्रण झाला, आणि पितृपंधरवड्यात तपासणीला गेलेल्या तुकड्याचा निकाल आला. मग जे सगळ्या घरांत होते तेच आमच्याही घरी झाले. तुकडा काढायलाच नको होता, सुरी लागली की तो चवताळतो, असे सांगणारे चार जण आले. कुठल्याशा गावच्या मुळीचा पत्ता घेऊन दोघे आले. अक्काने सर्वांना चहा दिला आणि देवगिरी एक्स्प्रेसची तीन तिकिटे काढायला मला सांगितले.

मुंबईला परळच्या रुग्णालयात डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की गालातला रोगट भाग काढावा लागेल आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढू. घसा सुजला की मानेला अवधाण येते, ते ज्या ग्रंथींना येते त्या या गाठी. दाजी तिथे काही बोलले नाहीत. धर्मशाळेत आल्यावर मात्र त्यांनी तोंड उघडले, जितके उघडत होते तितके.

"मास्तर, मानेत तर हाताला काहीच लागेना. डॉक्टरच म्हणायलेत, लागत नाही म्हणून. मग कशाला कापायलेत मान?"

दाजींचा सारा जन्म मोंढ्यात गेलेला. जो माल डोळ्यांना दिसत नाही त्याची पट्टी ते करीत नाहीत. गाल कापून घ्यायला त्यांची तयारी होती. मानेला ते हात लावू देईनात. अक्का माझ्याकडे वळली. "तू एवढी पुस्तकं वाचतोस. मला एकच सांग. बाहेरून काही आलं नाही म्हणतात, मग हा आला कुठून? आणि गालातला मानेत जातो कसा?"

शस्त्रक्रियेला पंधरा दिवस होते. मी जालन्याला परतलो, आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडून पुस्तके आणली, आणि तुकाराम बाजूला ठेवून पेशी वाचू लागलो.

पहिल्याच दिवशी मला ओळखीचा शब्द भेटला : निरोप. माझी समजूत अशी होती, की पेशी म्हणजे विटा. एकावर एक रचल्या की शरीर. प्रत्यक्षात त्या विटा नसून माणसे आहेत, आणि तीही सदा बोलणारी. वाढ, थांब, पक्की हो, सरकून बस, आता तुझी वेळ झाली : असे निरोप एका पेशीकडून दुसरीकडे अहोरात्र जात असतात. यांतला एक निरोप स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथीत शोधला. त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तर त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी आधी उघडले. त्या अर्कात त्वचेच्या पेशींना "वाढा" असे सांगणारे एक प्रथिन होते. १९८६ साली कोहेनला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मुकी जनावरे जखम चाटतात ती उगाच नव्हे, असे तेव्हा माझ्या मनात आले.

हा निरोप पेशीच्या आत थेट जात नाही. पेशीच्या अंगावर त्याला घेणारे एक प्रथिन बसलेले असते. ते आतल्या दुसऱ्याला सांगते, दुसरे तिसऱ्याला. आग विझवताना बादल्या हातोहाती जाव्यात तसा तो पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथे जनुके जागी होतात. या रांगेत एक मोक्याचा गडी आहे, त्याचे नाव रॅस. उंदराच्या एका गाठीच्या इंग्रजी नावावरून ते पडले आहे. पण मोंढ्यातल्या माणसाला सांगताना मी ते 'रास' असेच उच्चारले, आणि दाजींना ते लगेच लक्षात राहिले. रास हे विजेच्या बटणासारखे आहे. निरोप आला की चालू, पुढे दिला की बंद.

१९८२ साली अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांनी माणसाच्या मूत्राशयातल्या कर्करोगातून हे जनुक बाहेर काढले आणि निरोगी जनुकाशी ताडून पाहिले. फरक किती? एका अक्षराचा! १८९ मण्यांच्या त्या माळेतला बारावा मणी त्या एका अक्षरामुळे बदलला होता, आणि बटण चालू स्थितीतच अडकून बसले होते. दरवाजावर कोणी आलेले नसताना आत "वाढा, वाढा" चालू. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षे मी मुलांच्या वह्यांतल्या काना-मात्रेच्या चुका लाल शाईने खुणावीत आलो आहे. एका अक्षराने काय होते ते मला कोणी शिकवायला नको होते.

पण इतके सोपे असते तर आपल्यातला एकही माणूस पन्नाशी पाहता ना. अक्षरे रोज कुठे ना कुठे चुकतच असतात. १९९७ साली असे दिसून आले, की निरोगी पेशीत नुसते बिघडलेले रास घातले तर ती बेफाम होत नाही. काही काळाने उलट ती वाढायचेच सोडून देते, जणू मुदतीआधी निवृत्त होते. कारण एका वाटेवर फार गलबला झाला की शेजारच्या वाटेवरचे पहारेकरी जागे होतात. त्यांतला प्रमुख पी-५३. तो पेशीला थांबवतो, दुरुस्ती करवतो, आणि दुरुस्ती होणार नसेल तर तिला जग सोडायला सांगतो. मराठीत निरोप पाठवतातही आणि निरोप घेतातही. पेशीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच कोठीत नांदतात.

म्हणजे कर्करोग एका चुकीच्या निरोपाने होत नाही. तो अनेक निरोपांच्या संगनमताने होतो, हे मला हळूहळू उमगू लागले. रासकडून एक वाट वाढीकडे जाते. तिथूनच दुसरी एक फुटते, तिचा निरोप "मरू नकोस" असा आहे. एरवी ह्या दोन्ही वाटा एकमेकींना धरून असतात, कारण जी पेशी वाढायची ती जगायलाही हवी. त्यांत पहारेकरी पडला, आणि "मर" हा हुकूम पोचवणारी तार तुटली, की तेच घरचे निरोप एकमेकांना साथ देत घर बुडवू लागतात. यांतला एकही शब्द परका नाही. अक्काच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले : तो आला कुठूनच नाही.

हे सारे दूरदेशीचे नव्हे. २०१३ साली नवी मुंबईतल्या खारघरची ॲक्ट्रेक ही संस्था आणि बंगालमधल्या कल्याणी येथील संस्था यांच्या संशोधकांनी आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कर्करोगाची जनुके वाचून काढली. आधी ५० रुग्णांची, मग पडताळ्यासाठी आणखी ६० जणांची. त्यांत वारंवार बिघडलेली सापडली ती हीच मंडळी : पहारेकरी पी-५३, मूत्राशयात सापडलेले तेच रास, मरणाचा हुकूम नेणारे कॅस्पेझ-८, आणि तोंडातल्या कोवळ्या पेशीला "आता पक्की हो" असे सांगणारे नॉच. प्रत्येक रुग्णात सगळीच बिघडलेली नसतात. कुणाकडे हे, कुणाकडे ते. दाजींच्या शेजारच्या खाटेवरचा पंढरपूरकडचा गृहस्थ आणि दाजी, दोघांच्या केसपेपरावर रोगाचे नाव एकच होते. आतला कट वेगळा असू शकत होता.

मग अक्षरे बिघडवतो कोण? तंबाखूतली काही द्रव्ये जनुकांवर सरळ घाव घालतात, हे आता शाळकरी पोरांना माहीत असते. पण मला अधिक विचार करायला लावले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडले तेव्हापासून ते तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १,००० रुग्णांचा आढावा छापला. पुढच्याच वर्षी त्यांनी एका चमत्कारिक रोगाची नोंद केली : धोतराचा कर्करोग. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने कातडी सोलवटायची, बरी व्हायची, पुन्हा सोलवटायची, आणि कधी तिथेच कर्करोग व्हायचा. पुढे परकराच्या नाडीनेही तसेच झालेले डॉक्टरांनी पाहिले. काश्मीरात पोटाशी धरलेल्या कांगडीने होणारा कर्करोग हा त्यातलाच.

धोतरात विष नसते. मग? जखम भरायची म्हणजे "वाढा" हा निरोप सुटलाच पाहिजे. जखम भरली की तो थांबायचा. पण रोज जखम, रोज निरोप, असे चाळीस वर्षे चालले, तर पेशी सतत दुणावत राहतात. जितक्या वेळा नक्कल तितक्या चुका, आणि चुकलेल्या नकलेलाही वाढायचा हुकूम रोज तयारच. हॅरल्ड ड्वोराक नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९८६ साली कर्करोगाच्या गाठींना कधीही न भरणाऱ्या जखमा म्हटले. दाजींच्या डाव्या गालात चुना रोज तेच करीत होता, आणि वर तंबाखू अक्षरे पुसत होती.

सुपारीचे काम आणखी वेगळे. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली टाळू आणि घसा आतून दोरीसारखा ताठ होणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. आज गावोगाव तरणी पोरे तोंड उघडत नाही म्हणून येतात, ती ह्याच रोगाची. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठे आहे ते मला कुणी दाखवावे. सुपारीमुळे टीजीएफ-बीटा नावाचा एक निरोप फाजील सुटतो आणि त्या हुकमाने तोंडाच्या आतल्या थरात चिवट तंतू साचत जातात. हा निरोप मोठा दुतोंडी आहे. निरोगी पेशीला तो "वाढू नकोस" असे सांगतो. पण बाकीच्या वाटा बिघडलेली पेशी त्याचे एवढे म्हणणे ऐकत नाही, आणि त्याच निरोपातून "हात सोड, चालू लाग" एवढाच अर्थ उचलते. शब्द तोच, संदर्भ बदलला की अर्थ उलटा. आम्ही अलंकारशास्त्रात याची कौतुके करतो. इथे पेशी शेजाऱ्यांचे हात सोडते आणि मानेच्या रस्त्याला लागते.

खानोलकरांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे बाटलीत पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या, आणि मुंबईला येऊन तशी प्रयोगशाळा उभी केली. उंदरांतल्या स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, विषाणू आणि शरीरातले स्राव एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे त्या शोधीत राहिल्या. एकच कारण धरून बसायचे नाही, हा धडा त्यांच्या कामात केव्हाचा आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या क्रमिक पुस्तकांत मात्र त्यांच्यावर एक धडा मला अजून शिकवायला मिळालेला नाही.

असो. अक्काने मध्येच विचारले, की एवढे सगळे कळले आहे तर ते बटण बंद करणारी गोळी का देत नाहीत? प्रश्न रास्त होता. अशा गोळ्या निघाल्या आहेत, आणि काही रोगांत त्यांनी नवल केले आहे. पण वाटा एकमेकींत मिसळलेल्या असल्याचा फटका इथेच बसतो. रासच्या खालोखाल ब्रॅफ म्हणून एक गडी आहे. तो बिघडलेला असला तर त्याला बंद करणारे औषध २०११ पासून कातडीच्या एका कर्करोगात वापरात आले. रुग्ण भराभर सुधारले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात नेमका तोच बिघाड असताना औषध जवळजवळ वाया गेले. २०१२ साली कारण कळले : ब्रॅफ गप्प होताच पेशीने दरवाजावरचा जुना निरोप्या दुप्पट जोराने कामाला लावला आणि आडवाटेने तोच हुकूम आत नेला. आता तिथे दरवाजा आणि आतली वाट, दोन्ही अडवणारी औषधे एकदम देतात.

हे अक्काला मी जालन्याच्याच भाषेत सांगितले. जुना जालना अलीकडे, नवा पलीकडे, मधून कुंडलिका. एक पूल बंद केला म्हणून मोंढ्यात जाणारा माणूस घरी बसत नाही. वळसा घालून दुसऱ्या पुलाने जातो. अक्का म्हणाली, "मग नगरपालिकेनं पूल बंद करायच्या आधी नकाशा तरी बघावा." कर्करोगाचे आजचे पुष्कळसे संशोधन हा नकाशा काढण्याचेच चालले आहे, असे मला वाटते; आणि तो प्रत्येक गावाचा निराळा आहे.

दाजींना मात्र नकाशाशी कर्तव्य नव्हते. त्यांना मानेचा हिशेब हवा होता. तो मला शेवटी परळच्याच रुग्णालयातून मिळाला. तिथले डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली ५०० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले होते. सगळे तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे, मानेत हाताला काही न लागणारे, अगदी दाजींसारखे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन फळ्या पाडल्या. एकीची मान गालाबरोबरच साफ केली. दुसरीची, गाठ दिसू लागली तरच. तीन वर्षांनी पहिल्या फळीतले शेकडा ८० जण हयात होते. दुसऱ्या फळीतले साडेसदुसष्ट.

मी त्यांच्या पेढीवर जाऊन बसलो. पेशी, पहारेकरी, हात सोडून निघालेली मंडळी, सारे सांगून झाले. हाताला लागण्याइतकी गाठ व्हायला कोट्यवधी पेशी जमाव्या लागतात, दहा-वीस जणी येऊन बसल्या तर बोटांना काय कळणार, हेही सांगितले. दाजी गाल धरून ऐकत होते. मग मी दोन आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वजाबाकी तोंडीच केली.

"साडेबारा."

"शेकडा साडेबारा."

"एवढी अडत मोंढ्यात कुणी देईना झालंय," ते म्हणाले, आणि मुनिमाला पुढच्या महिन्याच्या उचलीच्या चिठ्ठ्या तयार ठेवायला सांगितले. इतकेच. होकाराचा वेगळा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. पंधरा दिवसांनी मानेतल्या ग्रंथींचा अहवाल आला. हाताला न लागणाऱ्या त्या मानेत दोन ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी होत्या. अक्काने अहवालाचा कागद माझ्याकडून वाचून घेतला, दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि घडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवला. पुढे सहा आठवडे किरणोपचार झाले. लाळ आटली, चव गेली. चव अर्धीमुर्धी परत आली आहे, लाळ नाही. ज्वारीची भाकरी दाजी आता दुधात कुस्करून, चमच्याने खातात. बोलणे थोडे बोबडे झाले आहे, म्हणून लिलावात बोली आता भाचा बोलतो. दर तीन महिन्यांनी परळला जायचे, आरसा घालून तोंड तपासायचे, मान चाचपायची. आजवर काही निघालेले नाही. डॉक्टर अजून "बरे झाले" हा शब्द वापरत नाहीत, आणि अक्काही विचारत नाही.

डबी गेली. तिची जागा मात्र हाताला आठवते. गप्पा रंगल्या की उजवा अंगठा डाव्या तळव्यावर आपोआप फिरू लागतो, मग त्यांच्या ध्यानात येते आणि ते दोन्ही हात मांडीखाली घेतात.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी पेढीवर गेलो होतो. तिथे पोती उचलणाऱ्या हमालाचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दाराशी उभा होता, गालात काहीतरी धरून. दाजींनी त्याला जवळ बोलावले, आधी बाहेर जाऊन थुंकून यायला लावले, आणि स्वतःची तीन बोटे उभी जुळवून दाखवली. "अशी तोंडात घाल." पोराने हसत बोटे तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरे आत जाईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मान तिरपी करून पाहिली, आणि त्याचे हसू कमी झाले.

"दुखतं का?"

"नाही शेठ. तिखट झोंबतं तेवढं."

"सोमवारी नऊ वाजता इथं यायचं. माझ्यासंग दवाखान्यात. मोंढा तवर बंदच हाय, हमालीचं कारण सांगू नको."

पोरगा मान डोलवून गेला. दाजींनी नव्या वहीला हळदकुंकू वाहिले, आणि आपल्याला विसर पडू नये म्हणून तिच्या मागल्या पानावर त्याचे नाव आणि वार लिहून ठेवला.